दोन टोल्यांचा हिशेब



सामान्य काळातील ह्या बत्तिसाव्या रविवारी संत मार्क आपल्याला यरुशलेमच्या मंदिरातील दानपेट्यांजवळ घेऊन जातो. ज्यू परंपरा सांगते की मंदिराच्या आवारात कर्ण्याच्या आकाराच्या अशा तेरा पेट्या होत्या. धनवान लोक येत होते व भरपूर टाकत होते. त्या गर्दीत एक गरीब विधवा आली, तिने दोन टोल्या टाकल्या आणि ती निघून गेली. तिच्याकडे कोणाचेच लक्ष गेले नाही. प्रभू येशूचे मात्र गेले. त्याने शिष्यांना जवळ बोलावले आणि सर्वांहून अधिक दान या बाईने दिले आहे, असे त्यांना सांगितले. पहिल्या वाचनातही एक विधवा आहे, सारफथ गावची. तिच्या घरी मूठभर पीठ व थोडेसे तेल उरले होते. तेवढ्यातूनच तिने एलिया संदेष्ट्यासाठी भाकर केली.

या विधवेवर आपण अनेक प्रवचने ऐकली आहेत. आज आम्ही तिने टाकलेल्या नाण्यांविषयी बोलणार आहोत. त्याला कारण आहे. आपल्या धर्मग्रामातील एक तरुण नोकरीनिमित्त परदेशी असतो. सुट्टीवर आला असता तो आम्हाला भेटला आणि म्हणाला, "फादर, मला रोमन काळातली ब्राँझची नाणी जमवायचा नाद लागला आहे. बायको म्हणते, हा पैशाचा चुराडा आहे, पाप आहे. तुमचे काय मत?" प्रश्न साधा वाटतो, पण उत्तर एका शब्दात देता येत नाही. म्हणून आज सर्वांच्याच बरोबर त्यावर चिंतन करू या.

ही नाणी होती तरी कसली?

प्रभू येशूच्या काळी रोमन साम्राज्यात सोन्या-चांदीचे चलन दूरवर चालत असे. भाजी, तेल, पाव, मासळी अशा रोजच्या बाजारहाटासाठी मात्र ब्राँझची नाणी लागत. पूर्वेकडील प्रांतांत, म्हणजे आजचा ग्रीस, तुर्कस्तान, सिरिया, पॅलेस्टाईन, इजिप्त या भागांत, ती बहुधा स्थानिक शहरेच पाडत असत. एका बाजूला सम्राटाचा मुखवटा आणि दुसऱ्या बाजूला गावचे दैवत, मंदिर किंवा नदी. अक्षरे बहुतेक ग्रीक. साधारण तीनशे वर्षांत पाचशेहून अधिक शहरांनी अशी नाणी पाडली. तिसऱ्या शतकाच्या अखेरीस सम्राट डायोक्लेशनने चलनाची नव्याने घडी बसवली, तेव्हा अलेक्झांड्रियाची टांकसाळही या कामातून मोकळी झाली व ही परंपरा संपली. विद्वान मंडळी यांना 'रोमन प्रांतिक नाणी' म्हणतात. त्यांच्या मोठ्या सूचीचा पहिला खंड १९९२ साली प्रसिद्ध झाला. आज ती सूची संगणकावर कोणालाही विनामूल्य पाहता येते.

ब्राँझच्या या नाण्याचे एक वैशिष्ट्य होते. ते फारसे प्रवास करीत नसे. आपल्या गावात त्याला किंमत, वेशीबाहेर गेले की सराफाकडे बदलून घ्यावे लागे, आणि सराफ आपला कट काढून घेई. पर्गम शहरातील दुसऱ्या शतकातील एका शिलालेखात हा दर कोरलेला आहे. चांदीचा एक दिनार घ्यायला गेलात तर सराफाला १८ ब्राँझची नाणी द्यायची, आणि तोच दिनार त्याला द्यायला गेलात तर हाती १७ पडणार! त्याच शिलालेखात किरकोळ मासळीच्या विक्रीचाही उल्लेख आहे. बाजारात टोपली घेऊन बसणाऱ्या आपल्या भगिनींना हा हिशेब वेगळा समजावून सांगायला नको. रोमन व्यापारातून आपल्या देशाकडे जे चलन आले, तेही मुख्यतः सोन्याचे व चांदीचे. जवळच्याच सोपारा बंदराचे नाव त्या काळच्या एका ग्रीक प्रवासमार्गदर्शिकेत आहे. परंतु गरिबाच्या हातातले ब्राँझ गरिबाच्याच गावात राहिले.

विधवेच्या त्या दोन टोल्या अशाच ब्राँझच्या होत्या. ज्यू राजा अलेक्झांडर यान्नाय याने ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकात पाडलेली, नांगर व तारा असलेली बारीक नाणी तेव्हाही चलनात होती. त्यांचे वजन ग्रॅम-दीड ग्रॅम भरते. पोंती पिलातानेही यहुदियात इ. स. २९ ते ३२ या काळात ब्राँझची छोटी नाणी पाडली. त्यांवर मूर्तिपूजेत वापरायची पळी आणि शकुन पाहणाऱ्यांची वाकडी काठी होती. ज्याने प्रभूला क्रुसाची शिक्षा सुनावली, त्याच्या हुकमाने निघालेले नाणे आज आपल्या तळहातावर ठेवता येते. प्रेषितांच्या कृत्यांत पौलामुळे इफिस येथे दंगल उसळते. तेव्हा शहराचा चिटणीस लोकांना शांत करताना इफिस ही अर्तमीच्या मंदिराची राखणदार नगरी आहे, याची आठवण देतो. 'राखणदार' हाच ग्रीक शब्द सम्राट नीरोच्या काळातील इफिसच्या नाण्यावरही आला आहे. पवित्र शास्त्र कोण्या हवेतल्या गावाची गोष्ट सांगत नाही, हे असे नाणे हाती आल्यावर चांगले पटते.

दुर्मिळ कशाला म्हणायचे?

संग्राहकाच्या जगात एक शब्द फार मोलाचा आहे: दुर्मिळ. जे सर्वांकडे आहे त्याला भाव नाही. जे दोघा-तिघांकडेच आहे, त्यासाठी लिलावात बोली चढत जाते. गंमत पाहा, नांगर-ताऱ्याचे ते यान्नाय राजाचे नाणे मुळीच दुर्मिळ नाही. ते इतके पाडले गेले, इतके मातीतून निघाले की आजही त्या मानाने स्वस्तात मिळते. ज्या दानाची प्रभूने जगाच्या अंतापर्यंत आठवण ठेवली, त्या दानाच्या नाण्याला बाजारात 'साधारण' म्हणतात!

ग्रीक तत्त्ववेत्ता अ‍ॅरिस्टॉटल याने एक मार्मिक गोष्ट नोंदवली आहे. ग्रीक भाषेत नाण्याला जो शब्द आहे, तो 'नियम' किंवा 'रूढी' या शब्दापासून आला. म्हणजे नाण्याची किंमत निसर्गाने दिलेली नाही, माणसांनी आपसात ठरवलेली आहे. जे माणसांनी ठरवले ते माणसे बदलूही शकतात. कालची नोट आज रद्दी होऊ शकते, हे आपण २०१६ सालच्या नोटाबंदीत रांगेत उभे राहून शिकलो आहोत. मग ज्याची किंमत माणसांनी ठरवलेली नाही, असे काही आहे काय?

प्रभू येशूने त्याचे उत्तर चिमण्यांचा भाव सांगून दिले आहे. संत मत्तयच्या शुभवर्तमानात एका दमडीला दोन चिमण्या मिळतात. मूळ ग्रीकमध्ये तिथे 'अस्सारियन' हे ब्राँझच्या नाण्याचे नाव आहे. खियोस बेटाने तर आपल्या नाण्यांवर हे नावच कोरले होते. संत लूकच्या शुभवर्तमानात दोन अस्सारियनांना पाच चिमण्या मिळतात. हिशेब करा. एकाला दोन, तर दोघांना चार व्हायला हव्यात. पाचवी कुठून आली? ती वर टाकलेली! दुकानदार जशी भाजीवर कोथिंबीर टाकतो तशी. त्या पाचव्या चिमणीला बाजारात शून्य किंमत आहे. आणि प्रभू सांगतो की परमेश्वराला तिचाही विसर पडत नाही.

आता आपण आपल्या धर्मग्रामाकडे पाहू या. आपल्याकडे ही पाचवी चिमणी कोण आहे? अंथरुणाला खिळलेली आजी, जिची मुले परदेशी आहेत. दारूपायी घराबाहेर काढलेला माणूस. लग्न न झालेली, भावाच्या घरी राबणारी बहीण. आपल्या वाड्यांवर भाड्याने राहणारी परप्रांतीय कुटुंबे, ज्यांची नावे आपण कधी विचारली नाहीत. आपण त्यांना मोजत नाही. पण त्या दानपेटीसमोर बसलेल्या प्रभूच्या नजरेतून एकही सुटत नाही. आणि त्याला सर्वच दुर्मिळ आहेत, कारण त्याच्याकडे प्रत्येकाचा नमुना एकच आहे.

नोहाचे नाणे

या नाण्यांमध्ये खरोखर दुर्मिळ असलेले एक नाणे आम्हा ख्रिस्ती लोकांना विशेष जवळचे वाटावे असे आहे. आजच्या तुर्कस्तानातील दिनार या गावाच्या जागी अपामिया नावाचे शहर होते. ते 'किबोतोस' या टोपणनावानेही ओळखले जाई. किबोतोस म्हणजे पेटी. इ. स. दुसऱ्या शतकाच्या शेवटापासून तिसऱ्या शतकाच्या मध्यापर्यंत, सेप्टिमियस सेव्हेरस, फिलिप आदी सम्राटांच्या काळात या शहराने एक मोठे ब्राँझचे नाणे पाडले. एका बाजूला सम्राट. दुसऱ्या बाजूला पाण्यावर तरंगणारी पेटी, तीत एक पुरुष व एक स्त्री. वर एक पक्षी बसला आहे, दुसरा डहाळी घेऊन येत आहे. शेजारी तेच जोडपे कोरड्या जमिनीवर हात उंचावून उभे आहे. आणि पेटीवर तीन ग्रीक अक्षरे: नोहा!

बंधू-भगिनींनो, हे शहर ख्रिस्ती नव्हते, ज्यूही नव्हते. ते मूर्तिपूजकांचे शहर होते. मग नोहा तिथे कसा पोहोचला? विद्वानांचे मत असे की अपामियात राहणाऱ्या ज्यू लोकांकडून ही कथा गावात रुजली असावी. ग्रीक बायबलात नोहाच्या तारवासाठी जो शब्द आहे तो 'किबोतोस' हाच. शहराचे टोपणनाव आणि पवित्र शास्त्रातील शब्द जुळले. त्या ज्यू समाजाविषयी आणखी एक गोष्ट ठाऊक आहे. ख्रिस्तपूर्व ६२ साली यरुशलेमच्या मंदिरासाठी त्यांनी जमवलेले सुमारे शंभर रोमन पौंड सोने तेथील रोमन अधिकारी फ्लॅकस याने जप्त केले. वक्ता सिसेरोने त्याच अधिकाऱ्याचे वकीलपत्र घेतले, त्या भाषणातून हे आपल्याला कळते. म्हणजे ज्या समाजाचे सोने हिरावले गेले, त्याच समाजाची कथा अडीचशेहून अधिक वर्षांनंतर त्या गावाच्या नाण्यावर आली. सोने गेले, गोष्ट राहिली.

आपणही या राज्यात संख्येने थोडे आहोत. कधी कधी आपल्याला वाटते, आपले कोण ऐकणार? आपण आपल्यापुरते बरे. अपामियाच्या त्या ज्यू बांधवांनी आपली कथा कुलूपबंद करून ठेवली असती, तर ते नाणे निघालेच नसते. शेजारच्या हिंदू वा मुस्लिम बांधवांना आपल्या श्रद्धेचा अर्थ विचारावासा वाटतो काय? नाताळची मिठाई देण्याच्या पुढे आपण कधी गेलो आहोत काय? जो समाज चांगले शेजारी होऊन राहतो, त्याची गोष्ट आपोआप गावाची गोष्ट होते.

पुसून टाकलेला भाऊ

आता एक दु:खद नाणे. सम्राट सेप्टिमियस सेव्हेरस इ. स. २११ मध्ये वारला. त्याने राज्य काराकाला व गेता या दोन मुलांच्या हाती एकत्र सोपवले होते. वर्ष संपण्यापूर्वीच काराकालाने आपल्या भावाचा खून करवला. इतिहासकार सांगतो की गेताने आईच्या मांडीवर प्राण सोडला. काराकाला तेवढ्यावर थांबला नाही. गेताचे नाव शिलालेखांतून खोडण्यात आले, चित्रांतून त्याचा चेहरा पुसण्यात आला. स्ट्रॅटोनिकिया नावाच्या शहराने पूर्वी दोन भाऊ समोरासमोर दाखवणारी मोठी ब्राँझची नाणी पाडली होती. त्यांतील गेताचा चेहरा छिनीने तासून काढण्यात आला, आणि ती नाणी वर नवा छाप मारून पुन्हा बाजारात आली.

आज अशी नाणी संग्रहालयांतून पाहता येतात. एका बाजूला काराकाला, आणि त्याच्या समोर एक ओबडधोबड खड्डा. तो खड्डाच सांगतो की इथे एक भाऊ होता. पुसायला गेला, आणि पुसल्याची खूण अठराशे वर्षे राहिली.

प्रिय धर्मग्रामस्थांनो, हे आम्ही इतिहास म्हणून सांगत नाही. गेल्या काही वर्षांत जमिनीचे भाव वाढले आणि आपल्या किती घरांतून भाऊ पुसले गेले! सातबाऱ्यावरून बहिणीचे नाव गेले. लग्नपत्रिकेतून सख्ख्या काकांचे नाव गाळले गेले. एकाच अंगणात दोन दारे, आणि मध्ये भिंत. आईच्या अंत्यविधीला दोन भाऊ शवपेटीच्या दोन बाजूंना उभे, पण एकमेकांकडे न पाहता. आणि रविवारी हेच दोन भाऊ एकाच वेदीसमोर दोन वेगवेगळ्या बाकांवर! आम्ही वेदीवरून पाहतो, तेव्हा आम्हालाही तो खड्डा दिसतो.

नाणी जमवणारे एका रोगाला फार भितात. ब्राँझमध्ये क्षार शिरले आणि हवेत ओल असली, तर नाण्यावर फिकट हिरवी भुकटी धरते आणि धातू आतून खाल्ला जातो. वरून पुसले तरी ती पुन्हा येते. आपल्या कोकणपट्टीच्या पावसाळी हवेत तर विशेष जपावे लागते. त्यावर उपाय म्हणजे आतले क्षार काढून टाकणे आणि नाणे कोरडे ठेवणे. जुना राग हा असाच क्षार आहे. सणासुदीला वरवर हस्तांदोलन करून तो जात नाही. तो आतून काढावा लागतो. पापनिवेदन हे त्यासाठीच आहे.

आनंदाची गोष्ट म्हणजे त्याच काळात दुसऱ्या प्रकारचीही नाणी निघत होती. इफिस, स्मुर्णा आणि पर्गम ही शहरे 'आशियात पहिले कोण' या मानासाठी वर्षानुवर्षे भांडत. पण अशा शहरांनी एकमेकांशी सलोखा जाहीर करणारी नाणीही पाडली. त्यांवर दोन्ही गावांची दैवते शेजारी-शेजारी उभी, आणि 'एकदिली' या अर्थाचा ग्रीक शब्द. ज्या गावांना ख्रिस्ताची ओळख नव्हती, त्यांना सलोखा नाण्यावर कोरून ठेवावासा वाटला. मग आपले काय?

तर मग हा नाद पाप आहे काय?

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे येऊ. नाणी जमवणे हे आपल्याआप पाप नाही. जुन्या वस्तूतून मागील पिढ्यांचे श्रम, श्रद्धा व दु:ख जाणून घेणे ही बुद्धीची चांगली भूक आहे. परंतु तीन गोष्टी तपासाव्यात.

पहिली, नाणे आले कुठून? तुर्कस्तान, सिरिया, बल्गेरिया अशा देशांत रात्री धातुशोधक यंत्र घेऊन प्राचीन जागा लुटल्या जातात. नाणे मातीतून उपटले की ते कोणत्या घरात, कोणत्या थरात होते हे ज्ञान कायमचे नष्ट होते. लंडनच्या लिलावात २०२० साली विकले गेलेले ब्रूटसचे सोन्याचे नाणे खोट्या मालकी-इतिहासाने विकल्याचे उघड झाले आणि २०२३ साली ते ग्रीसला परत करण्यात आले. ज्या नाण्याचा मागचा हिशेब विक्रेता देऊ शकत नाही, ते न घेणे हे सातव्या आज्ञेचेच पालन आहे. आपल्या देशातही १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी नाणी खाजगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाहीत. शेतात जुना ठेवा सापडला तर १८७८ च्या कायद्याने तो जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो.

दुसरी, नाणे खरे आहे काय? साच्यात ओतलेली नक्कल पुष्कळ असते. कडेवर जोडाची रेघ, पृष्ठभागावर बारीक बुडबुडे, न जुळणारे वजन या तिच्या खुणा. जाणकाराला दाखवल्याशिवाय पैसे देऊ नयेत. येथे सर्वांनाच एक सूचना: 'जुनी नोट द्या, लाखो रुपये घ्या' अशा जाहिरातींना भुलून आधी शुल्क भरू नका. रिझर्व्ह बँकेच्या नावाने अशी फसवणूक होते, आणि बँकेने २०२१ साली तसा जाहीर इशारा दिला आहे.

तिसरी, आणि सर्वांत महत्त्वाची: या नादाची किंमत घरात कोण मोजतो? मुलाची फी थांबली, आईचे औषध राहिले, बायकोला न सांगता कर्ज काढले, तर ते नाणे कितीही दुर्मिळ असो, ते चुकीच्या जागी आले आहे. हे नाण्यांनाच लागू नाही. मोबाईल, मोटारसायकल, सोने, लग्नातील बडेजाव, सर्वांनाच लागू आहे. त्या तरुणाला आम्ही सांगितले, "बायकोला शेजारी बसवून महिन्याचा आकडा ठरव. आणि तिला एक-एक नाण्याची गोष्टही सांग."

आपल्यावर कोणाची मुद्रा?

प्राचीन ख्रिस्तसभेचा लेखक तर्तुल्यन आणि पुढे संत ऑगस्टिन यांनी नाण्यावरून एक सुंदर विचार मांडला आहे. नाण्यावर कैसराची प्रतिमा आहे म्हणून ते कैसराचे. माणसावर परमेश्वराची प्रतिमा आहे म्हणून माणूस परमेश्वराचा. बाप्तिस्म्यात व दृढीकरणात आपल्यावर ही मुद्रा उमटली आहे. त्या काळी नाणे वापरून गुळगुळीत झाले की शहर त्यावर लहानसा ठसा मारून त्याला पुन्हा चलनात आणी. झिजलेले म्हणून ते फेकून देत नसत. पापाने, वयाने, आजाराने झिजलेल्या आपल्यालाही प्रभू टाकून देत नाही. प्रत्येक पापनिवेदनात, प्रत्येक पवित्र मिस्सात तो आपल्याला नव्याने चलनात आणतो.

म्हणून आज अर्पणविधीच्या वेळी झोळी समोर येईल, तेव्हा त्या विधवेची आठवण करू या. आणि प्रभूचे दुसरेही सांगणे आठवू या: वेदीजवळ दान घेऊन आल्यावर भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे ध्यानात आले, तर दान तिथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा. आमची विनंती एवढीच. नाताळपूर्वी प्रत्येक घराने पुसून टाकलेले एक नाव पुन्हा लिहावे. एक फोन, एक भेट, एका पत्रिकेवर एक नाव. विधवेच्या दोन टोल्यांइतकेच लहान वाटेल. पण ते पाहणारा दानपेटीसमोर बसलेला आहे.

हे प्रभू, तू पाचव्या चिमणीलाही विसरत नाहीस. आमच्या घरांतून, आमच्या मनांतून पुसल्या गेलेल्या माणसांचे चेहरे आम्हाला पुन्हा दाखव. आमच्यावर उमटलेली तुझी मुद्रा आमच्या भावात व बहिणीत आम्हाला ओळखता येऊ दे. आमेन.

– आपले प्रमुख धर्मगुरू